पॅसेज सजवताना आपण काय झाकतो?

हे व्याख्यान आम्ही दोघांनी मिळून दिलं, त्यामुळे यात सगळीकडे 'आम्ही' येईल. कोणतं वाक्य कोणाचं, हे लेखी रूप देताना वेगळं केलेलं नाही. बोलताना होणारी पुनरुक्ती थोडी काढली, बाकी बोललो तसंच ठेवलंय. पडद्यावर दाखवलेली छायाचित्रं इथे नाहीत, म्हणून त्यांची वर्णनं जरा लांबली आहेत.

विषय छोटा आहे. अगदी तीन फूट रुंद. घराचं रिनोव्हेशन होतं, मिस्त्री-सुतार-रंगारी निघून जातात, मग एक दिवस इंटिरियरवाले कॅमेरा घेऊन येतात आणि घर 'मांडतात'. याला आता स्टेजिंग म्हणतात. अमेरिकेत घर विकायला काढण्याआधी ते असं मांडून दाखवायचा धंदा १९७०च्या दशकात उभा राहिला. आपल्याकडे तो विकणाऱ्यांपेक्षा राहणाऱ्यांनीच जास्त उचललाय असं आम्हाला वाटतं. घर विकायचं नाहीये, तिथेच राहायचंय, तरी ते गिऱ्हाइकाला दाखवल्यासारखं मांडायचं. त्यातली हॉलची मांडणी, किचनची मांडणी यांवर पुष्कळ बोललं जातं. आज आम्ही फक्त पॅसेजबद्दल बोलणार आहोत. हॉल आणि बेडरूमच्या मधला, संडास-बाथरूमच्या दाराशी जाणारा, ज्याला कोणी खोली म्हणत नाही तो तुकडा.

पहिलं छायाचित्र. हे एका घराचं नाही, अशी शेकडो आहेत. आम्ही त्यांतली साठेक छापून भिंतीवर शेजारी शेजारी लावली होती, तेव्हा ती जवळजवळ एकच दिसायला लागली. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, हॉलच्या टोकाला. एका भिंतीला उभ्या खाचांचं फ्लुटेड पॅनेल. दुसऱ्या भिंतीला अरुंद कन्सोल टेबल, त्यावर काचेच्या बरणीत पॅम्पास गवताचे तुरे, आडवी ठेवलेली तीन इंग्रजी पुस्तकं आणि बुद्धाचं मस्तक. खाली लांबडं जाजम. वर फॉल्स सीलिंगच्या कडेतून झिरपणारा पिवळा उजेड. समोरच्या भिंतीवर गोल आरसा. आणि सगळी दारं बंद.

ही शेवटची गोष्ट आमच्या लक्षात सगळ्यांत उशिरा आली. साठांतल्या जवळपास सगळ्या फोटोंत दारं बंद आहेत. कारण उघडं. दार उघडं ठेवलं की आतला पलंग दिसतो, बाथरूमची बादली दिसते, सरळ रेषा मोडते. पण पॅसेज म्हणजे दारंच की! त्याला स्वतःचं दुसरं काय आहे? दारं बंद केलेला पॅसेज कुठेच जात नाही. तो फक्त आरशापर्यंत जातो, आणि आरसा तुम्हाला परत पाठवतो.

त्या बुद्धाच्या मस्तकाबद्दल जाता जाता. १९५६ साली नागपुरात जे घडलं त्यानंतर या राज्यातल्या लाखो घरांत बुद्धाची मूर्ती किंवा तसबीर आहे. ती बाहेरच्या खोलीत, उंचावर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी असते. समोर मेणबत्ती असते, आणि मूर्ती अखंड असते. तोच बुद्ध मान कापून बाथरूमच्या दाराशेजारी 'शांत फील' देण्यासाठी ठेवणाऱ्यांना, आपण एका शेजाऱ्याची पूजेची वस्तू शोभेला ठेवलीय, हे सुचतच नाही. देवघरातला गणपती असा ठेवाल का, एवढंच विचारून पुढे जातो.

आता दुसरं चित्र. सतराव्या शतकातला डच चित्रकार पीटर द होख. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं १६५८ सालचं एक चित्र आहे, डेल्फ्टमधल्या एका घराच्या अंगणाचं. उजवीकडे एक बाई लहान मुलीचा हात धरून उभी आहे. डावीकडे कमानीतून आरपार जाणारा बोळ, आणि त्या बोळाच्या पलीकडच्या तोंडाशी एक बाई आपल्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघतेय. ती कोणाची वाट बघतेय, की नुसतीच उभी आहे, कळत नाही. पण बोळ कुठे जातो ते कळतं. उजेड पलीकडून येतोय हे कळतं.

हे चित्र दाखवण्याचं कारण असं, की द होखनेही मांडलंच होतं. त्याने काही कॅमेरा लावून जे दिसलं ते टिपलेलं नाही. बाईला कुठे उभं करायचं, उजेड कुठून आणायचा, हे त्याने ठरवलं. म्हणजे मांडणी हा गुन्हा नव्हे. 'घर जसं आहे तसं दाखवा' असा सोवळा आग्रह आमचा नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण सगळेच चादरी बदलतो. आमची तक्रार वेगळी आहे. द होखने मांडलेल्या बोळातून माणूस चालू शकतं. आपल्या फोटोतल्या पॅसेजमधून चालायचं म्हटलं तर काय होतं, ते थोड्या वेळाने फुटा-इंचांत सांगू.

त्याआधी शब्दाकडे बघू. पॅसेजला मराठीत काय म्हणायचं? मार्गिका म्हणाल तर ती सरकारी टेंडरमध्ये शोभते. बोळ म्हटलं की गल्ली आठवते. घरात आपण 'पॅसेज'च म्हणतो, आजीसुद्धा म्हणते, 'पॅसेजमधला दिवा घाल गं.' शब्द नाही याचं कारण ती वस्तू आपल्या घरांत फारशी नव्हती. वाड्यात चौक आणि त्याच्या कडेने ओसरी, सोपा. कोकणातल्या घराला ओटी, माजघर, पडवी. एका जागेतून दुसरीकडे जायचं तर तिसऱ्या जागेतून जायचं, आणि त्या तिसऱ्या जागेत कोणीतरी तांदूळ निवडत, पत्ते खेळत, झोपाळ्यावर पेंगत बसलेलं असायचं. ओसरी ही वाटही होती आणि मुक्कामही. नुसतं जाण्यासाठी केलेली, थांबायचं नाही अशी जागा घराच्या आत असते, ही कल्पनाच आयात आहे.

आणि ती जिथून आली तिथेही ती कायमची नव्हती. रॉबिन इव्हान्स नावाच्या ब्रिटिश वास्तुइतिहासकाराने १९७८ साली दारं आणि पॅसेज यांवर एक निबंध लिहिला. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना तो अजूनही वाचायला लावतात, आणि ते बरंच आहे. इव्हान्सचं म्हणणं थोडक्यात असं: सोळाव्या शतकातल्या इटालियन घरांत खोल्या एकमेकींत उघडायच्या. खोलीला जितकी जास्त दारं तितकी ती सोयीची मानायचे. लोक एकमेकांच्या मधून जात-येत. मग सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये घराच्या मधोमध लांब पॅसेज यायला लागला आणि खोल्यांना त्या पॅसेजमध्ये उघडणारी दारं मिळाली. रॉजर प्रॅट या वास्तुकाराचं कोल्सहिल हे घर त्याचं ठळक उदाहरण. ते १९५२ साली आगीत गेलं, आता उभं नाही. प्रॅटने कारणही लिहून ठेवलंय: नोकरांची ये-जा मालकमंडळींच्या डोळ्यांवर येऊ नये. पॅसेजचा जन्म असा झाला. कोणाची तरी गाठ पडू नये म्हणून.

हे ऐकल्यावर आपल्याला लगेच 'अरे, ते इंग्रजांचं' असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मधून हाऊस गल्ल्या आहेत, अजून आहेत. दोन इमारतींच्या पाठींमधला तो अरुंद पट्टा कशासाठी ठेवला होता? टोपलीचे संडास होते तेव्हा मैला उचलणाऱ्या माणसाने मागून यावं, मागून जावं. काही इमारतींना मागे लोखंडी गोल जिने आहेत, तेही त्याच कामाचे. पुढच्या दाराने बैठकीतली माणसं, मागच्या वाटेने ही माणसं. म्हणजे आपल्याकडे पॅसेज घराच्या आत नव्हता, पण तो होता. बाहेर, पाठीला, आणि जातीने आखलेला. आज उंच टॉवरमध्ये कामवाल्या बाईंना सर्व्हिस लिफ्टने यायला सांगतात, आणि काही नव्या नकाशांत त्यांच्यासाठी युटिलिटीतून वेगळं दार असतं. हाऊस गल्ली दहाव्या मजल्यावर आली, इतकंच. अशा घराच्या मुख्य पॅसेजचा फोटो स्वच्छ, रिकामा, माणसाविना येतो. घर झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बाईंची वाट नकाशातच दुसरीकडे वळवलेली असते, त्याचा तो फोटो आहे.

मध्यमवर्गीय फ्लॅटचा पॅसेज मात्र वेगळ्या वाटेने मोठा झाला. साठ-सत्तरच्या दशकापासून पुण्या-मुंबईत सोसायट्या झाल्या, दोन खोल्यांची घरं अडीच-तीन खोल्यांची झाली, आणि मधे हा तुकडा उरला. उरलेल्या जागेचं आपण काय केलं ते बघा, कारण मांडणी करणारे नेमकं तेच आधी उचलून बाहेर टाकतात.

पहिलं, बेसिन. आपल्या कितीतरी घरांत बेसिन बाथरूमच्या आत नसून बाहेर पॅसेजमध्ये असतं. याला परदेशी पाहुणे हसतात, पण त्यात शहाणपण आहे. एक जण अंघोळीला गेला तरी दुसऱ्याचे दात घासून होतात, जेवायला बसताना हात धुता येतात, बाहेरून आलेल्याला आत न जाता तोंड धुता येतं. सकाळी सात ते साडेआठ या वेळात एका बाथरूमवर पाच माणसं निभतात ती या बेसिनमुळे. रिनोव्हेशनमध्ये हे बेसिन एकतर आत जातं, किंवा त्याचा ग्रॅनाइटवर ठेवलेला वाडगा होतो. दिसायला छान, पण त्यात चूळ भरली की पाणी पॅसेजभर.

दुसरं, माळा. पॅसेजवरचा माळा म्हणजे घराचं पोट. गौरींचे मुखवटे, गणपतीचं मखर, पितळी पातेली, लग्नातली ट्रंक, बाळंतपणाची खाट, कोणाचे तरी कॉलेजचे जर्नल. फॉल्स सीलिंगने पहिला बळी याचा जातो. आम्ही एका बाईंना विचारलं, माळ्यावरचं कुठे गेलं? त्या म्हणाल्या, 'अर्धं दिलं, अर्धं बहिणीच्या माळ्यावर.' म्हणजे एका घराच्या सरळ रेषेसाठी दुसऱ्या घराचा माळा लागतो. (हशा)

बाकीचं भराभर. हॉलमध्ये जागा नाही म्हणून पॅसेजमध्ये आलेला फ्रीज. कालनिर्णय, आणि त्यावर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख. किल्ल्यांचे हुक. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने केलेल्या, मुलं किती वाढली त्याच्या खुणा. गेलेल्या आजोबांची हार घातलेली तसबीर, जी हॉलमध्ये टीव्ही आल्यावर इथे सरकली. यातलं सगळं ठेवावं असं नाही. काही नुसता पसारा असतो आणि तो जायलाच हवा. पण मांडणीवाल्यांना पसारा आणि वापर यांतला फरक दिसत नाही. त्यांच्या लेखी दोन्ही 'क्लटर'.

थोडा हिशेब करू. पाचशे चौरस फुटांच्या घरात तीन फूट रुंद आणि बारा फूट लांब पॅसेज असेल तर तो छत्तीस चौरस फूट होतो, म्हणजे घराचा सात टक्क्यांहून जास्त भाग. २०१६च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे तिच्यात घराच्या आतला पॅसेज येतो. समजा दर पंधरा हजार रुपये फूट आहे. तर या छत्तीस फुटांचे पाच लाख चाळीस हजार झाले. एवढे पैसे मोजलेल्या जागेवर गवताचे तुरे. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींत शंभर वर्षं माणसं एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत राहिली. दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधून अंधारा सार्वजनिक कॉरिडॉर. त्यात पाण्याची पिंपं, सायकली, झोपलेली माणसं, अभ्यास करणारी मुलं. त्यांना पुनर्विकासात पाचशे चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. घरात स्वतःच्या मालकीची मधली जागा असणं ही तिथल्या बऱ्याच कुटुंबांसाठी नवी गोष्ट आहे. तिचं काय करायचं हे ते फोनवरचे फोटो बघून ठरवणार आहेत, आणि फोटो हे असे आहेत. म्हणून या फोटोंची टीका आम्हाला नुसती आवडीनिवडीची बाब वाटत नाही.

आता फूट-इंच. पुण्यातलं एक घर, ऐंशीच्या दशकातली सोसायटी, चौथा मजला, दोन बेडरूम. नावं सांगत नाही. मुलगा, सून, कॉलेजात जाणारी नात आणि ऐंशीच्या पुढच्या आजी. पॅसेज साडेतीन फूट रुंद, म्हणजे चांगलाच. आजींची खोली एका टोकाला, संडास दुसऱ्या टोकाला. रिनोव्हेशन झालं, फोटो निघाले, फोटो खरोखर सुंदर आहेत. मग आम्ही टेप घेऊन गेलो.

कन्सोल टेबल एक फूट खोल. उरले अडीच फूट. समोरच्या भिंतीचं पॅनेल दोन इंच पुढे आलेलं. उरले दोन फूट चार इंच. आजींच्या वॉकरची रुंदी जवळजवळ दोन फूट. कागदावर बसतं. पण माणूस वॉकर घेऊन रुळावरच्या गाडीसारखा सरळ चालत नाही, थोडा डावीकडे थोडा उजवीकडे जातो. शिवाय वॉकर फक्त दिवसा. रात्री आजी वॉकर घेत नाहीत, कारण त्याचा आवाज होतो आणि नात जागी होते. रात्री त्या भिंत धरून जायच्या, चाळीस वर्षं त्याच भिंतीला हात लावत. हाताच्या उंचीवर रंग काळवंडला होता, तो पट्टा आम्ही जुन्या फोटोत बघितला. आता तिथे खाचांचं पॅनेल आहे. हाताला खाचा लागतात, बोटं अडखळतात, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या भिंतीला टेकावं तर तिथे टेबल, टेबलावर काच.

खाली जाजम. जाजमाची कड वर आलेली. टाइल चकचकीत, सहा बाय सहाच्या जुन्या खरखरीत लादीची जागा तिने घेतलीय. बेसिनचं पाणी पडलं की विचारू नका. टोकाला आरसा. आजींना स्मृतिभ्रंश नाही, पण ज्यांना असतो त्यांना रात्री आरशात दिसलेला माणूस परका वाटून ती घाबरू शकतात, आणि गडद रंगाचं जाजम खड्ड्यासारखं भासून ती त्यावर पाऊल टाकायला तयार होत नाहीत. म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या कोणालाही हे विचारा. आणि दिवा? कोव्ह लाइटचं बटण हॉलमध्ये, टीव्हीच्या पॅनेलशेजारी. आजींच्या खोलीच्या दारापाशी एकही बटण नाही. म्हणजे संडासला जायचं तर आधी अंधारात हॉलपर्यंत जाऊन दिवा लावायचा. फोटोत बटणं दिसू नयेत, म्हणून.

आम्ही सुनेशी बोललो. त्यांना दोष द्यावा असं काही त्यात नव्हतं. त्यांनी सुरुवातीलाच भिंतीला आधाराची दांडी मागितली होती. डिझायनर म्हणाले, 'मॅडम, हॉस्पिटलसारखं दिसेल.' त्यांना ते पटलं. पटलं म्हणजे काय, त्या म्हणाल्या, 'मलाही वाटलं, एवढा खर्च करतोय तर जरा आपल्यालाही छान वाटू दे.' हे वाक्य आम्हाला हलकं वाटत नाही. वीस वर्षं पिवळट भिंत आणि ठिबकणारं बेसिन बघितलेल्या बाईला पॅसेजमधून जाताना बरं वाटावं, ही मागणी न्याय्य आहे. जो टीकाकार तिला सरळ चंगळवाद म्हणेल त्याने आधी तो पॅसेज वीस वर्षं पुसावा.

म्हणून 'सुंदर की सोयीचं' या वादात आम्ही पडत नाही. आमचा आक्षेप 'हॉस्पिटलसारखं दिसेल' या शब्दांवर आहे. त्यात गृहीत काय आहे? म्हातारपण दिसलं की घर बिघडतं. आजींची खोली आहे, पलंग आहे, औषधांचा डबा आहे. पण त्या खोलीच्या बाहेर, सगळ्यांच्या वाटेवर, त्यांची खूण नको. प्रॅटला नोकर दिसायला नको होते. इथे आई दिसायला नकोय, तिच्याच घरात. डिझायनर वाईट माणूस नाही, त्याला शिकवलेलंच तसं आहे: फोटो ज्या जागेवरून काढायचा तिथे उभं राहून पॅसेज आखायचा. आजींच्या दारात, रात्री अडीच वाजता, चष्म्याविना उभं राहून कोणी आखत नाही.

पुढे काय झालं ते सांगतो. सुनेने सोसायटीतल्याच एका सुताराला बोलावलं. त्याने पॅनेल अर्ध्यावर कापलं, आणि कापलेल्या ठिकाणी, जमिनीपासून पावणेतीन फुटांवर, सागवानी गोलसर पट्टी दारापासून दारापर्यंत बसवली, भिंतीपासून दीड इंच सुटी, म्हणजे बोटं मागून पकडू शकतात. खाली पॅनेल, मधे पट्टी, वर साधा रंग. टेबल निघालं. जाजम निघालं. वायरमनने दोन टोकांना टू-वे बटणं दिली आणि खाली, पावलांपाशी, एक मंद दिवा. आरसा हॉलमध्ये गेला. आजोबांची तसबीर आजींच्या सांगण्यावरून आरशाच्या जागी आली. आजी म्हणाल्या, 'रात्री जाताना दिसतात, बरं वाटतं.' सून म्हणाल्या, 'मला थोडी भीती वाटते, पण असू दे.'

त्या पॅसेजचा आता फोटो काढला तर? आम्ही काढला, हा बघा. आजींच्या खोलीचं दार उघडं, आतून उजेड येतोय, पट्टी सरळ लांब जातेय. तिला अनुभवी नजरेचा माणूस डिझाइनच म्हणेल. फोटो पहिल्यापेक्षा वाईट आहे असं आम्हाला वाटत नाही. पण तो तसा असता तरी आम्ही हाच पॅसेज चांगला म्हटला असता.

एक मुद्दा राहिला, तो लेन्सचा. हे पॅसेज बहुतेक वाइड अँगलने टिपतात. त्या लेन्समुळे जवळचं पसरतं आणि लांबचं आणखी लांब जातं. बारा फुटांचा पॅसेज वीस फुटांचा दिसतो. मग तो फोटो बघून दुसरं कुटुंब आपल्या बारा फुटांत वीस फुटांचं सामान बसवायला जातं. कोणी खोटं बोललेलं नसतं, पण घरात टेबल आडवं येतं. फोटो बघताना फरशीचे चौकोन मोजायची सवय लावा. टाइल दोन फुटी असेल तर सहा चौकोन म्हणजे बारा फूट. हा हिशेब लेन्सला चुकवता येत नाही.

आता प्रश्न. दोनच घेतलेत लेखी रूपात.

एका ताईंनी विचारलं: आम्ही भाड्याने राहतो, मालक खिळा ठोकू देत नाहीत. सासरे पार्किन्सन्सचे आहेत. आम्ही काय करायचं?

आधी पॅसेज रिकामा करा. त्याला मालकाची परवानगी लागत नाही. चपलांचा स्टँड दाराबाहेर किंवा हॉलमध्ये. जाजम काढाच. प्लगमध्ये बसणारे, माणूस हलला की लागणारे छोटे दिवे मिळतात, त्यांतले दोन घ्या: एक खोलीच्या दाराशी, एक संडासच्या दाराशी. पार्किन्सन्समध्ये दारात पाऊल अडतं, पुढे पडत नाही, तेव्हा फरशीवर ठराविक अंतराने आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या तर काहींना त्या ओलांडून पाऊल टाकायला मदत होते; हे तुमच्या फिजिओथेरपिस्टना विचारून करा, ते अंतरही सांगतील. चिकटपट्टी नंतर निघते. आणि दांडीसाठी मालकांशी एकदा बोलून बघा, आजोबांना बरोबर घेऊन.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थ्याचा: मी इंटिरियर शिकतोय, पोर्टफोलिओत असे फोटो नसतील तर काम मिळत नाही, मग?

फोटो काढा की. आम्ही कोणाचंही पोट मारायला आलेलो नाही. फक्त एक दार उघडं ठेवून बघा, आणि कोणालातरी त्यातून चालायला सांगा. ज्यांचं घर आहे त्यांनाच सांगा, मॉडेल नको. शटरचा वेग थोडा कमी ठेवलात तर माणूस जरा पुसट येईल, तेही चालेल. आणि फोटोखाली पॅसेजची रुंदी लिहा, मोकळी उरलेली, टेबल धरून नव्हे. तुमच्या वर्गात तसं लिहिणारं दुसरं कोणी आहे का?